खाकी कागदांतली ‘मानवी अवस्था’

७ फेब्रुवारी, शनिवार
मुलीने खोकं पाठवलं. आत कचरा. वापरलेली तिकिटं, फाटकी पाकिटं, कुणाच्या तरी औषधांची लेबलं, लेसचे तुकडे. आणि एक कोरी वही. फोन केला तर म्हणाली, याला जंक जर्नल म्हणतात बाबा, हे सगळं वहीत चिकटवायचं, मन रमतं. आमच्या वेळी कचरा फेकल्यावर मन रमायचं. हिने तो विकत घेतला. नाक माझं घेतलंन्, अक्कल आईची.
आपल्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर शनिवारी याचा वर्गही भरतो म्हणे. मी जाणार नाही.

संध्याकाळी ५
गेलो. फक्त बघायला.

८ फेब्रुवारी, रविवार
आठदहा माणसं, सगळी सज्ञान, आणि माना खाली घालून चिकटवतायत बालवाडीसारखी. वर्ग घेणारी मुलगी गोंदाची बाटली गळ्यात अडकवून फिरते. मी तिचं नाव डिंकराणी ठेवलं आहे. ती चांगले कोरे कागद चहाच्या पाण्यात बुडवून वाळवते आणि म्हणते, बघा, किती जुने दिसतात. मी म्हणालो, याला फसवणूक म्हणतात. ती म्हणाली, काका, याला व्हिंटेज म्हणतात. एक रिटायर्ड दंतवैद्य आहेत. त्यांनी बसच्या एका तिकिटाभोवती कागदी फुलं लावली होती. त्या बसमध्ये त्यांना त्यांची बायको भेटली म्हणे. सांगताना डोळे पुसले. भेटली असेल. म्हणून फुलं कशाला?
एक गोष्ट मात्र कळली. महिनाअखेर प्रदर्शन आहे. सर्वांत चांगलं काम वाचनालयाच्या भिंतीवर वर्षभर लागणार, खाली नावासकट. ऑफिसात रेकॉर्ड सेक्शन माझ्या हाताखाली होता. माझ्या सहीशिवाय कागद हलत नसे. आता घरात मला कुत्रं विचारत नाही. सकाळपासून बायका आमच्या हिच्याकडे कपडे शिवून घ्यायला येतात, दार मी उघडतो, आणि मला विचारतात, आहेत का घरात? मी काय खुंटी आहे? ती भिंत मला पाहिजे. ठरलं.

११ फेब्रुवारी, बुधवार
संकल्प. उद्यापासून पहाटे उठून दोन तास कला. चहाचे कागद नाहीत, लेस नाही, फुलं मुळीच नाहीत. अस्सल जुना कागद, नाहीतर काही नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
उठलो नाही. मान अवघडली होती.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
कलावंताची झोप पूर्ण झालीच पाहिजे. तशी ती झाली.

१४ फेब्रुवारी, शनिवार
वर्गात माझं पहिलं पान दाखवलं. मधोमध विजेच्या बिलाचं पाकीट, बाकी कोरं. डिंकराणी म्हणाली, छान सुरुवात आहे काका. मी म्हणालो, सुरुवात नाही, पूर्ण झालंय. नाव ‘पोकळी’. दंतवैद्य हसले. आयुष्यभर दुसऱ्यांचे काढले, आता स्वतःचे काढतायत. अशा माणसांत राहून मी किती खाली आलोय ते माझं मला ठाऊक.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
सापडलं. ही एका गिऱ्हाइकाकडे कपडे द्यायला गेली होती. सहज तिच्या शिवणाच्या खोलीत डोकावलो तर कपाटावर खाकी कागदांचं भलंमोठं भेंडोळं, सुतळीने बांधलेलं. सोडून पाहिलं आणि थक्क झालो. वळणदार आकार, लाल-निळ्या पेन्सिलीच्या रेषा, टाचण्यांची भोकं, आकडे, कडेला बारीक अक्षरांत काहीबाही. घड्यांवर झिजलेले, कडा मऊ पडलेल्या. असला पोत चहात जन्मभर बुडवून येणार नाही.
विचार केला. ही कापड शिवते. कागद शिवत नाही. म्हणजे रद्दी. सगळं भेंडोळं बाल्कनीत हलवलं. कडेचा मजकूर वाचत बसलो नाही. कलेत पोत बघतात, वाचतात ते पोस्टमन. रेकॉर्ड सेक्शनमध्ये तरी मी कुठे फायली वाचत होतो?

१९ फेब्रुवारी, गुरुवार
बाल्कनीचं दार लावून काम. भल्यामोठ्या पुठ्ठ्यावर मांडणी. काही आकार पूर्ण ठेवले, काही उभे चिरले. हिची मोठी कात्री कागदाला फार सुरेख चालते. इतकी वर्षं कापडात फुकट गेली बिचारी. डिंकराणीच्या पाणचट गोंदाऐवजी सुताराचा गोंद आणला. लागला की लागला. नाव: ‘मानवी अवस्था’.

२१ फेब्रुवारी, शनिवार
वर्गाला गेलो नाही. वाघ कळपात जात नाही.
ही सकाळपासून स्टुलावर चढून कपाटावर हात फिरवतेय. विचारलंन्, इथले खाकी कागद पाहिलेत का. मी म्हणालो, माझ्यावर एक ऑफिसभर कागद सोपवले होते, एक हरवला नाही. हे खोटं नाही. प्रदर्शन झालं की सांगीनच. आपल्या खोलीतला कचरा भिंतीवर गेलेला बघून ऊर भरून येईल तिचा. सरप्राइज.

२३ फेब्रुवारी, सोमवार
अजून शोधतेय. आता पलंगाखाली. शेवटी दया येऊन बाजारातून खाकी कागदाचा नवाकोरा रोल आणून तिच्यापुढे ठेवला. चांगला जाड आहे. तिने तो शेवटपर्यंत उलगडून पाहिला आणि म्हणाली, हा कोरा आहे हो. कोराच असतो नवा कागद. बायकांना काही दिलं तरी खोट काढतात. शिवाय म्हणते कात्री कापड चावायला लागलीये. तेही माझ्यामुळेच असणार.

२५ फेब्रुवारी, बुधवार
डॉक्टरीणबाईंचा ड्रेस दोनदा उसवून तिसऱ्यांदा शिवला. पूर्वी एकदाही उसवायला लागत नसे, असं ही म्हणते. जेवताना म्हणाली, मीच कुठेतरी ठेवून विसरले असणार, हल्ली डोक्याचा भरवसा वाटत नाही, शिवण बंद करावं की काय. मी तिला धीर दिला. म्हणालो, वय झालं की होतं असं. क्षणभर सांगून टाकावंसं वाटलं. तोंडात घास होता म्हणून राहिलं.

२८ फेब्रुवारी, शनिवार
प्रदर्शन. शांतपणे लिहितो.
वाचनालयात शिरलो तर सगळ्यांच्या वह्या टेबलांवर आणि काल गुपचूप नेऊन दिलेली माझी ‘मानवी अवस्था’ समोरच्या भिंतीवर. डिंकराणी म्हणाली, काका, भिंत तुमचीच. मी म्हणालो, ठाऊक होतं. थोड्या वेळाने दंतवैद्यांच्या तिकिटापाशी कोणी नाही आणि माझ्यापुढे ही गर्दी. विशेषतः बायका, बऱ्याचशा हिचीच गिऱ्हाइकं. अगदी जवळ जाऊन बघत होत्या, बोट लावून. मी मागे उभा राहून समजावून सांगितलं की माणूस म्हणजे बाहेरून एक आणि आतून एक. बँकेतल्या बाई वळून म्हणाल्या, हे तुम्हाला कुणी सांगितलं?
मग त्यांनी मोठ्याने वाचलं. ‘बँक. कंबर ४४. विचारलं तर ४० सांगणे.’ शेजारी मुख्याध्यापिका चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून वाचत होत्या. ‘शाळा. उजवा खांदा उतरता, आतून पॅड लावणे, बोलू नये.’ डॉक्टरीणबाईंनी आपलं वाचलं आणि त्यावर तळहात ठेवला.
तेवढ्यात ही आली. गर्दीतून वाट काढत पुढे गेली. भिंतीकडे पाहिलंन्. कापलेल्या कडांवरून हात फिरवलान्. मग माझ्याकडे पाहिलंन्. मी म्हणालो, सरप्राइज.
बँकवाल्या बाई तिला म्हणाल्या, इतकी वर्षं तुम्ही आम्हाला खोटं माप सांगत होतात? मी हिच्या बाजूने दोन शब्द बोलणार होतो, पण ही शांतपणे म्हणाली, कपडा अंगाला बसायला हवा आणि आकडा मनाला. ज्याला जे हवं ते दिलं. मग मुख्याध्यापिका हसायला लागल्या, आणि एकीचं बघून दुसरी. डॉक्टरीणबाई हिला मिठी मारून म्हणाल्या, चला, तुमचं डोकं शाबूत आहे. हसण्यासारखं त्यात काय होतं मला समजलं नाही.
गोंद सुटेना. तेव्हा बायकांनी आपापला आकार पुठ्ठ्यासकट कापून घेतला. दंतवैद्यांनी पुठ्ठा धरला. मला कोणी धरायलाही सांगितलं नाही. भिंतीवर बसचं तिकीट लागलं. फुलांसकट.

१ मार्च, रविवार
सामान्य जनांना कला पचत नाही. वर्गाचा राजीनामा लिहिला. नंतर लक्षात आलं, मी मेंबर झालोच नव्हतो.

२ मार्च, सोमवार
बायका पुन्हा माप द्यायला येतायत. सकाळपासून रीघ. माप घेताना पुरुषमाणूस घरात नको म्हणून मी जिन्यात बसलो. येणाऱ्या एकीनेही विचारलं नाही, आहेत का घरात. आता मला सगळ्या ओळखतात.
ही माझ्याशी बोलत नाही. बोलली असती तर मी माफ केलं असतं.

३ मार्च, मंगळवार
पुठ्ठ्याचं उरलेलं लक्तर दंतवैद्यांनी घरी आणून दिलं. माणूस तसा बरा आहे. त्यावर एकच आकार शिल्लक. कुणीच नेला नाही. नेणार कशी? बघा ना, पोटाशी केवढा फुगलेला, खांदे पडलेले. मी हिला म्हणालो, ही जी कोण बाई आहे तिला चारचौघांत पुढे यायची लाज वाटली असणार, तिला घरी बोलावून हळूच दे. चार दिवसांत पहिल्यांदा ही माझ्याशी बोलली. म्हणाली, ते तुमचं आहे.
माझा शर्ट ही घरीच शिवते. लग्नापासून माझं माप बदललेलं नाही, हे मी सगळ्यांना अभिमानाने सांगत आलो.
ती मशीनवर जाऊन बसली. मी दिव्याखाली कागद धरला आणि कडेचं वाचलं. एकाखाली एक, वेगवेगळ्या वर्षांच्या वेगवेगळ्या पेन्सिलींनी लिहिलेलं. ‘हे. माप देताना पोट आत ओढतात. दोन इंच जास्त धरणे.’ खाली, ‘तीन इंच.’ त्याखाली, ‘रिटायर झाले. चार इंच. कॉलर ताठ ठेवणे, बरं वाटतं त्यांना.’
अंगातल्या शर्टाची कॉलर चाचपून पाहिली. ताठ आहे. मशीन थांबलं की आत जाऊन तिला काहीतरी म्हणायचं आहे. अजून थांबलेलं नाही.