गिलाव्यावर टेकवलेला हात

देवास,
५ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप अक्कास,
उमाशंकरचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे खुशाल. धारला तुझी तब्येत बरी असेल. गुडघ्याला तेल लावतेस, की बाटली नुसती उशाशी ठेवून देतेस?

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. कारण आहे, पण आधी घरची बातमी. या पावसाळ्यात माझ्या खोलीच्या छतात ओल उतरली आणि ऐन पलंगाच्या वर गिलाव्याला पोट सुटलं. सूनबाई कृतिका स्टुलावर चढली, लाटण्याने ठोकलं आणि म्हणाली, "बाबा, हे तर एकदम खोखलं बोलतंय!" मग मी चढलो, ठोकलं आणि ठणकावून सांगितलं की चांगला भरीव आहे. बांधकाम खात्यात तीस वर्षं दुसऱ्यांचे गिलावे ठोकून पास-नापास केलेला माणूस मी, सुनेचं कशाला ऐकतोय! वर तिला चार शब्द सुनावलेही.

मी फिरायला गेलो तेव्हा तिने माझा पलंग ओढत दाराशी नेला. परत येऊन मी आदळआपट केली. अंबरीशनेही बापाचीच बाजू घेतली, पण पलंग तिने हलू दिला नाही. चौथ्या दिवशी दुपारी मी झोपलेलो असताना परातीएवढा तुकडा खाली आला, बरोबर जिथे माझं डोकं असायचं तिथे. मला जाग आली ती नाकात धूळ गेली म्हणून. अक्का, त्या पोरीमुळे मी आज आहे.

मग रघुजी मिस्त्री आले. कामाला हात घालण्याआधी बाकीचं छत तपासायचं होतं. मला मान द्यायचा म्हणून कुठे पोकळ आहे ते मलाच विचारलं, "बाऊजी, तम बताओ, कठे पोलो है?" मी ठोकत राहिलो आणि सगळीकडे "ठीक आहे, ठीक आहे" म्हणत राहिलो. काय ते त्यांच्या लक्षात आलं. कृतिका खाली उभी होती, तिच्यासमोर ते एक शब्द बोलले नाहीत. माझा तळवा धरून छताला टेकवला, शेजारी हातोडीचा दांडा मारला आणि हळूच म्हणाले, "कान रेवा दो, बाऊजी. हाथ से देखो." पोकळ जागी तळव्याखाली थरथर लागते, भरीव जागी लागत नाही. सगळं छत आम्ही दोघांनी असंच तपासलं. नंतर त्यांनी सैल गिलावा उतरवला, गंजलेल्या सळ्या घासल्या, जाळी ठोकून दोन थर चढवले. काम उत्तम झालंय. पण माझी लाज राखली, ते मी विसरणार नाही.

त्याच दिवशी मी कृतिकाची माफी मागितली आणि तिला खरं सांगितलं. अक्काला मी स्वतः सांगेन, तू बोलायचं नाहीस, असंही बजावलं.

तर सांगतो. मला दोन वर्षांपासून ऐकू येत नाही. माणूस समोर असला की ओठांकडे बघून निभतं, फोनवर काही म्हणजे काही कळत नाही. दाजी गेले आणि तू रोज संध्याकाळी मला फोन करायला लागलीस. मी "हो हो", "बरं" म्हणायचो आणि दोन मिनिटांत ठेवून द्यायचो. हळूहळू तू फोन करणं सोडलंस. परवा दसऱ्याला कृतिकाला म्हणालीस म्हणे, उमाला माझा कंटाळा आलाय, भाऊबीजेला मी येणार नाही. त्यात तुझं काय चुकलं? बहिरा झालो हे सख्ख्या बहिणीला सांगायची मला लाज वाटली, एवढा मी मूर्ख.

बुधवारी अंबरीश कानाच्या डॉक्टरकडे नेतोय. मशीन लागेल, न लागेल, तू त्यासाठी थांबू नकोस. भाऊबीजेला ये, अंबरीशला गाडी घेऊन धारला पाठवतो. माझ्यासमोर बस, आणि दाजींबद्दल फोनवर जे जे सांगितलंस ते पहिल्यापासून सांग. त्यातलं एक अक्षर मी ऐकलेलं नाही.

तुझी वाट पाहणारा धाकटा भाऊ,
उमा