इंडेक्स वॉकर यांचा बंगला

७ जानेवारी, मंगळवार
राजीनामा दिला. चटई कारखान्याच्या डिस्पॅच सेक्शनला आता कळेल. साहेब म्हणाले, पाटील, नीट विचार केला ना? मी नुसता हसलो. ज्याला जग चालवायचंय त्याने चटयांचे गठ्ठे किती दिवस मोजायचे?

आजपासून फुल टाइम. जगाचं नाव ठरलं: ‘नवं खान्देश’. सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, म्हणजे कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही. सर्व्हर म्हणजे आपलाच जुना कॉम्प्युटर, बेडरूममध्ये. बाहेरच्याने आपल्या कॉम्प्युटरवर व्ह्यूअर टाकायचा, पत्ता लिहायचा, की तो माणसाचं रूप घेऊन थेट माझ्या वेशीत उभा. एवढं सोपं आहे. सुलक्षणाला दोनदा समजावलं. ती म्हणाली, आणि तिथे येऊन करायचं काय? शाळेत शिकवणाऱ्या बाईने हा प्रश्न विचारावा!

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. धुळ्याहून सासरे आले. हिलाल आबा. त्यांना खुर्चीत बसवून जग दाखवलं. वेस, चौक, केळीची बाग. बाग मी स्वतः बनवली आहे. घड थोडे जमिनीत गेले आहेत, पण ओव्हरऑल इफेक्ट चांगला येतो. आबा बराच वेळ बघत होते. म्हणाले, “हाई बठ्ठं तुम्ही बनाडं?” म्हटलं, हो. मग म्हणाले, “पानी कोठे शे?” शेतकरी माणूस, त्यांना वाटतं बाग म्हटली की पाणी लागतं. त्यांना म्हटलं, पुढच्या व्हर्जनमध्ये विहीर करतो, तुमच्या मळ्यातली अगदी तशीच. खूश झाले. जाताना शेजारच्यांना सांगत होते, “मना जवाई दुनिया बनाडी ऱ्हायना.”

विहीर लगेच घ्यायची. टॉप प्रायोरिटी.

२२ जानेवारी, बुधवार
विहीर थोडी मागे ढकलली. आधी मार्केटप्लेस. या सगळ्या जगांचा मिळून एक ऑनलाइन बाजार आहे, तिथे वस्तू मांडायच्या. मी दोन मांडल्या: भरताची वांगी आणि झोपाळा. झोपाळ्यावर बसलं की माणसाचं डोकं छतातून आरपार जातं. हा दोष म्हणता येणार नाही, उंची परदेशी लोकांच्या हिशेबाने ठेवली आहे.

संध्याकाळी पहिला अभिप्राय आला. इंग्रजीत. ‘छान जांभळा फुगा.’ त्यांच्याकडे वांग्याला फुगा म्हणत असतील. सुलक्षणाला वाचून दाखवला. ती वह्या तपासत होती. वर बघितलं नाही. जळते, दुसरं काय.

२ फेब्रुवारी, रविवार
इतिहास घडला! पहिला परदेशी पाहुणा. नाव इंडेक्स वॉकर. इंडेक्स बहुतेक स्वीडनकडचं असावं. वेशीत उभे राहिले, चौकाकडे बघितलं, काही न बोलता गेले. मोठी माणसं अशीच असतात. आधी जागा बघतात, बोलणी नंतर.

६ फेब्रुवारी, गुरुवार
मिस्टर वॉकर रोज येतात. ठरलेल्या वेळी. एवढी शिस्त आपल्याकडे नाही. मी चॅटमध्ये स्वागत केलं, खान्देशचा इतिहास सांगितला, केळीबद्दल बोललो. ते मधे तोंड घालत नाहीत. मी आयुष्यात एवढा शांत श्रोता बघितला नाही. हा माणूस पैसा गुंतवायला आलाय. त्यांच्यासाठी चौकात बंगला बांधायला घेतला. विहिरीची जागा त्यात जाते आहे. आबा समजून घेतील.

९ फेब्रुवारी, रविवार
सुलक्षणा धुळ्याला गेली. आबांना दम लागतो, रात्रभर बसून राहतात असा पंडितचा फोन होता. पंडित म्हणजे मेहुणा. देवपुरात ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. तिने शाळेत रजा टाकली. म्हणाली, तुम्हीही चला, आबा तुमची आठवण काढतात. तिला म्हटलं, मी गेलो तर सर्व्हर कोण बघणार? तिने पिशवी उचलली. दारातून म्हणाली, फोन तुम्ही उचलत नाही, निरोप तरी द्यायचा कसा? माझ्या तोंडून सहज निघून गेलं, निरोप द्यायचा तर जगात येऊन दे, मी तिथेच असतो.

चांगलं वाक्य होतं. जाहिरातीत घालायला हवं.

१२ फेब्रुवारी, बुधवार
जळगावात, आमच्या पिंप्राळ्यात लाइट दिवसातून तीनदा जाते. तासाभरावर दीपनगरला अख्ख्या महाराष्ट्राची वीज तयार होते आणि माझं जग मात्र अंधारात! इन्व्हर्टर घेतला. ब्रॉडबँड गेलं की मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवतो, पण कुणाचा कॉल आला की हॉटस्पॉट तुटतो आणि जग बंद पडतं. काल सुलक्षणाचा फोन आला नेमका मिस्टर वॉकर वेशीत असताना. लाज वाटली. आजपासून इनकमिंग बंद. व्हॉट्सअ‍ॅपही काढून टाकलं. मन एकदम हलकं झालं.

१६ फेब्रुवारी, रविवार
फैजशी कायमचं तोडलं.

फैजचं स्टेशन रोडला कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. दहावीपासूनची दोस्ती. रॅम बसवायला घरी आला होता. मी मोठेपणाने मिस्टर वॉकर दाखवले. त्याने बघितलं, कुठली तरी साइट उघडली, मग माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं. म्हणाला, “भूपेंद्र, वो आदमी नहीं है. या सगळ्या जगांची यादी ठेवणारी साइट आहे ना, तिचा बॉट आहे, आपोआप फिरणारा प्रोग्रॅम. रोज प्रत्येक जगात जातो, चालू आहे का बघतो आणि निघतो. नावच बघ ना, इंडेक्स.”

मी म्हटलं, तुला मत्सर वाटतो. तो म्हणाला, “भाभी कुठे आहे?” म्हटलं, विषय बदलू नकोस. रॅम न बसवताच गेला. दारातून म्हणाला, “मीच येतो एक दिवस तुझ्या जगात, निदान एक माणूस तरी होईल.”

ही सरळ धमकी आहे. खोट्या नावाने येऊन मिस्टर वॉकरसमोर तमाशा करायचा प्लॅन दिसतो. सिक्युरिटी वाढवली.

२० फेब्रुवारी, गुरुवार
अपेक्षेप्रमाणे हल्ला झाला. पण मी तयार होतो.

दुपारी वेशीत एक बाई उगवली. कपडे बदललेले नाहीत, केस नाहीत, व्ह्यूअर पहिल्यांदा उघडल्यावर मिळतं तसलं फुकटचं रूप. नाव पंडित ऑनलाइन. ‘पंडित’ म्हणजे विद्वान, म्हणजे मला टोमणा. सुलक्षणा घरी नाही हे फैजने बघितलंय, माहेरी असणार हे ओळखून मेहुण्याचं नाव वापरलं. हुशार आहे, पण माझ्यापुढे नाही.

धडपडत भिंतीवर आपटत होती. मग चॅटमध्ये इंग्रजी अक्षरांत मराठी. ‘अहो, मी आहे. आबा शेजारी आहेत. त्यांना बघायचंय. विहीर कुठे आहे?’

बायकोच्या बोलण्याची नक्कल! मला हसू आवरेना. मी लिहिलं, फैज, नाटक बंद कर. ती लिहीत होती, ‘फैज नाही हो, मी’. तेवढ्यात मिस्टर वॉकरांची यायची वेळ झाली. मग विचार केला नाही. ‘हाकला’ हे बटण दाबलं आणि त्याच्या खालचं ‘कायमची बंदी’ही. स्क्रीनवरून बाई अशी पुसली गेली की बघत राहावं.

दोन मिनिटांत मिस्टर वॉकर आले. त्यांना झालेला प्रकार सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
आज उत्साह आहे. सुरक्षा नियमांचं पान लिहिलं. बंगल्याचा जिना पूर्ण. एक पायरी हवेत राहिली.

२४ फेब्रुवारी, सोमवार
फैज सकाळी दारात. मी आधीच सांगून टाकलं, माफी मागत असशील तर ऐकतो. तो स्कूटरवरून उतरलाही नाही. म्हणाला, “आबा गेले. काल सकाळी सगळं उरकलं. पंडित दोन दिवस तुला फोन लावतोय, शेवटी माझा नंबर शोधला. बस मागे, एसटी स्टँडला सोडतो.”

त्याला विचारलं, गुरुवारी तू आला होतास ना माझ्या जगात?

म्हणाला, “गुरुवारी मी नशिराबादला होतो, चुलतभावाच्या लग्नात.”

मी मागे बसलो.

२५ फेब्रुवारी, मंगळवार. धुळे
सुलक्षणाशी बोलणं झालं. म्हणजे मी बोललो. मला कळलं नाही, हॉटस्पॉटचा प्रॉब्लेम होता, नाव वेगळं होतं, कुणीही फसलं असतं. तिने सगळं ऐकलं. मग सांगितलं.

आबांना दवाखान्यातून घरी आणलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, घरीच ठेवा. गुरुवारी जरा बरं वाटत होतं. म्हणाले, जावयाची दुनिया दाखवा. पंडितने दुकानातला लॅपटॉप आणून खाटेवर ठेवला, मागे उशा लावून आबांना बसवलं. जग उघडायला वेळ लागला, पण ते डोळे लावून बसले. वेस दिसली तेव्हा बोट दाखवलं. मग स्क्रीन काळी झाली, इंग्रजीत काहीतरी आलं. आबा म्हणाले, “काय व्हयनं?”

“मी म्हटलं, लाइट गेली आबा,” सुलक्षणा म्हणाली. “जळगावला लाइट जाते. ते म्हणाले, ‘मंग थांबूत.’ संध्याकाळपर्यंत लॅपटॉप बंद करू दिला नाही.”

मी म्हटलं, बंदी काढता येते, एका क्लिकचं काम आहे.

ती उठून आत गेली. रडली नाही. मला वाटतं, राग निवळतोय.

४ मार्च, मंगळवार. धुळे
दहावा. सकाळी विधी, मग घरी माणसं. मी अंगणात बसलेल्यांना सांगायला सुरुवात केली की आबांचा पुतळा करतो, चौकात, जगातून कुठूनही दर्शन घेता येईल. एकाने विचारलं, कुठल्या चौकात? मी समजावेपर्यंत तो पंक्तीत जाऊन बसला.

सुलक्षणाला बाजूला घेऊन विचारलं, उद्या सकाळच्या बसने निघायचं का? ती म्हणाली, इथल्या शाळेत जागा आहे, जूनपासून. तोवर रजा. माझं सामान पंडित टेम्पोने आणेल, तुम्ही घरी नसलात तरी चालेल, माझ्याकडे किल्ली आहे. आवाज चढवला नाही. मुलांना सुट्टीच्या तारखा सांगाव्यात तसं सांगितलं.

म्हटलं, हे घाईत ठरवतेस. ती म्हणाली, “नाही. त्याच दिवशी ठरलं. आबा असेपर्यंत बोलले नाही इतकंच.” आणि वाढायला गेली.

मी अंगणात येऊन खुर्चीत बसलो. अजून समजूत काढता येईल. धुळ्यात नेट चांगलं आहे, सर्व्हर इथेही हलवता येईल, असा विचार चालू होता. तेवढ्यात पंडित आला. म्हणाला, भाऊजी, जरा उठता का, साक्रीहून सुंदरबाई आत्या आल्यात, गुडघे दुखतात त्यांचे. मी उठलो. आत्या बसल्या. त्यांनी विचारलं, हे कोण? पंडितला आतून हाक आली, तो गेला.

मी तिथेच बाजूला उभा राहिलो. कुणीतरी दुसरी खुर्ची आणेल म्हणून. पंगती उठल्या, मांडव सुटला, खुर्च्या एकात एक घालून टेम्पोत गेल्या.