पिहू अंगणवाडीत यायला लागली

८ जुलै
वनिता आज स्वतःहून आली. सोबत तिची पिहू. चार वर्षांची, जन्मापासून दिसत नाही. गेल्या वर्षी दोनदा घरी जाऊन सांगितलं होतं, पोरीला अंगणवाडीत पाठव म्हणून. तेव्हा म्हणाली, पडंल-बिडंल. आता धानाचा रोवणा सुरू झाला, लावणीत दिवसभर पोरीला शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसवून चिखलात वाकायचं कसं? म्हणून आणली. कारण काही का असेना, आणली ना.
"जमंल का मॅडम तुमाले?"
जमेल म्हटलं. कसं ते अजून ठरवलेलं नाही.

९ जुलै
दिवसभर रडली. खिचडीचं ताट उलटं केलं. मदतनीस शेवंताबाई पुसता पुसता म्हणाली, घरीच बरी होती. मी ऐकून घेतलं. पहिल्या आठवड्यात कोणतं पोरगं रडत नाही?

११ जुलै
हात धरून खोली फिरवली. दार, खिडकी, पाण्याचा माठ, खेळण्यांची पेटी, परत दार. पाच वेळा. माठापर्यंत जमिनीवर सुतळी चिकटवली, पायाला लागावी म्हणून. सहाव्या वेळी हात सोडला. गेली बरोबर, पण माठात हात कोपरापर्यंत बुडवला. पाणी बदललं.
पोरांना सांगितलं, पिहूशी बोलताना मान हलवायची नाही, तोंडानं सांगायचं. पोरं लगेच शिकली. मलाच जड जातंय. 'हे घे', 'तिकडे ठेव' हेच तोंडात. तिकडे म्हणजे कुठे, बाई?

१८ जुलै
चेतननं ठोकळा ओढला, पिहूनं त्याच्या हाताला चावा घेतला. दात उमटले. मी रागावले, इतरांना बसवते तसंच भिंतीपाशी बसवलं. नेमकी तेव्हाच वनिता न्यायला आली. दारात थांबून पाहत राहिली. जाताना म्हणाली, "तिले आजवर कोनी रागावलं नाही, मॅडम." तक्रार होती की काय, कळलं नाही. इथं मी सगळ्यांनाच रागावते, म्हटलं.
संध्याकाळी चेतनची आई घरी आली. असल्या पोरीला इथं ठेवू नका म्हणे. मागच्या वर्षी तुझा चेतन तिघांना चावला होता, तेव्हा मी त्याला घरी बसवलं होतं का, एवढंच विचारलं. मग चहा पिऊन गेली.

२५ जुलै
आज वजनाचा दिवस. वजनकाटा माठाच्या वाटेत ठेवला अन् पिहूला सांगायचं राहिलं. माझ्याकडूनच. अडखळून पडली, भुवई फुटली. गावच्या आशा सेविकेच्या गाडीवर केशोरीच्या दवाखान्यात नेलं, दोन टाके. टाके घालताना रडली नाही, माझं बोट घट्ट धरून होती.
वडील दिलीप दवाखान्यात आले. चूक माझी, हे मीच आधी सांगितलं. ओरडले नाहीत. सहा वर्षांची झाली की नागपूरच्या अंध मुलांच्या वसतिगृहात टाकू म्हणाले. "तिथं तिच्यासारखीच पोरं राह्यतेत."
माझी भाकर तशीच राहिली.

३० जुलै
चार दिवस पिहू नाही. पोरं घरी गेल्यावर वनिताच्या बांधीवर, धानाच्या शेतात गेले. वनिता चिखलात, बाजूला पऱ्यांच्या, धानाच्या रोपांच्या जुड्या. पिहू धुऱ्यावर छत्रीखाली एकटी. मी धुऱ्यावरूनच बोलले, "चूक माझी होती. पोरीची नाही, तुझीही नाही." वनिता रोवतच राहिली.
माझा आवाज ऐकून पिहू म्हणाली, "मॅडम, चेतन आला होता का आज?"
तेव्हा वनितानं कंबर सरळ केली. उद्या आणीन म्हणाली.

६ ऑगस्ट
झाडायला पेटी सरकवली होती. मी सांगायच्या आतच चेतन ओरडला, "पिहू, पेटी मधात हाय, भिंतीकडून ये!" शेवंताबाईही वाढताना बोलते आता. खिचडी गरम हाय, पाणी उजव्या हाताले. उजवा हात कोणता, हे यानिमित्तानं आणखी सहा पोरांना कळलं.
पर्यवेक्षिका मॅडमना फोन केला, आवाजाची खेळणी पाहिजेत. पाहते म्हणाल्या. तोवर डब्यात तुरीचे दाणे.

१३ ऑगस्ट
दिलीप न सांगता आले, दारापाशी बसले. बोटानं खूण करत होते, तिला सांगू नका म्हणून. मला ते पटलं नाही. सगळ्यांना दिसतंय, तिलाच माहीत नाही, असं इथं चालत नाही. "पिहू, तुझे बाबा आलेत. दारापाशी बसलेत."
"बसू द्या," म्हणाली, अन् मणी ओवत राहिली.
तासभर बसले. निघताना विचारलं, "पहिलीत कोन घेईल इले?" समोरच्या जि. प. शाळेत मी बोलते म्हटलं.
"अन् नाही म्हनले तं?"
"तर पुन्हा जाईन."
नागपूरचा फॉर्म त्यांनी आणून ठेवलाय घरी. भरला का, विचारलं. नाही म्हणाले. भरणार नाही, असंही म्हणाले नाहीत.

१४ ऑगस्ट
मुख्याध्यापक सरांकडे जाऊन आले. त्यांनी सगळं ऐकलं. आमच्याकडे असं मूल कधी आलं नाही, म्हणाले. माझ्याकडेही नव्हतं, सर. सोमवारी अंगणवाडीत या, एक तास बसा, म्हटलं.
येतो म्हणालेत.