वाल्मीकचा शेहेचाळीसचा आकडा

७ एप्रिल २००२, रविवार

शेहेचाळीस! वाल्मीक म्हणतो, त्याची आठशे मेगाहर्ट्झची चिप हजार सहासष्टला पळते, आणि अर्धा तास गाड्यांचा गेम चालवल्यावर तापमान शेहेचाळीस अंश. माझी हजारलाच एकसष्टवर जाते. एप्रिलात, नाशिक रोडला, शेहेचाळीस — कसं शक्य आहे?

दर रविवारी आम्ही चार-पाच जण दिनेशच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात जमतो. चिप ठरल्या वेगापेक्षा जास्त पळवायची आणि जळू द्यायची नाही, एवढाच नाद. सगळ्यांचे आकडे माझ्या वहीत. मी मॅट्रिकसुद्धा नाही. जे शिकलो ते स्वतः उघडून, जोडून. पण वहीतला एक आकडा चुकलेला दाखवा! वाल्मीकचा लिहून घेतला. पेन्सिलीने.

१० एप्रिल

सगळं पुन्हा केलं. चिपवरची जुनी पेस्ट स्पिरिटने पुसली, नवी तांदळाच्या दाण्याएवढी लावली. चिपची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या हीटसिंकचा तळ घासून आरशासारखा केला. खोली पस्तीस, चिप साठ. एवढ्या खटाटोपात एक अंश मिळाला.

बायको, ललिता, म्हणाली, "माझ्या कपाळाला कधी हात लावून बघितला नाहीत. त्या डब्याचा ताप मात्र तासातासाला!"

वजाबाकी करत होतो. माझी चिप खोलीपेक्षा पंचवीस अंश वर. वाल्मीकची तेवढीच धरली तर त्याची खोली एकवीस अंशांची. एकवीस! आमच्या माठातलं पाणी एवढं गार नसतं.

१४ एप्रिल, रविवार

जयंतीची मिरवणूक, म्हणून दिनेशने दुकान लवकर बंद केलं. तेवढ्यात वाल्मीकला गाठलं.

"खोली किती होती?"

"खोली खोलीसारखी, नाना."

"म्हणजे किती?"

"बघितलं नाही."

बघितलं नाही! थर्मामीटर त्याला मीच आणून दिलाय.

दिनेश शटर ओढता ओढता म्हणाला, "सहादूनाना, कारखान्यात फुकट गेलात. पोलिसात पाहिजे होतात तुम्ही."

करा थट्टा. नजर चुकवणारा माणूस मला कळतो.

१८ एप्रिल

सापडलं बहुतेक. चिप बसते त्या सॉकेटच्या मधोमध तापमान मोजणारा एक छोटा सेन्सर असतो. तो चिपच्या पोटाला टेकला पाहिजे. बोटाने जरा खाली दाबला की टेकत नाही, आणि आकडा गोड येतो. माझ्या मशीनवर करून पाहिलं — अकरा अंश एका झटक्यात कमी! लगेच परत सरळ केला. तीनदा तपासला.

पण वाल्मीक असा नव्हता. पूर्वी दर सणाला जेवायला बोलवायचा. दोन वर्षांपूर्वी जेल रोडला राहायला गेला आणि बदलला. दाराशी गेलं तर बाहेर येतो, दार मागे ओढून घेतो, रस्त्यावरच बोलतो. का?

२१ एप्रिल, रविवार

आला नाही. का ते मला माहीत आहे.

२८ एप्रिल, रविवार

आज आला. सगळ्यांसमोर म्हणालो, "बुधवारी मला सुट्टी आहे. तुझ्या घरी येतो. माझा थर्मामीटर, माझे डोळे."

तो हळूच — "नको नाना. आकडा खोटा होता. खोडा."

खोडला.

"झालं समाधान?" दिनेश म्हणाला.

२९ एप्रिल

नाही झालं. खोटं बोलणारा आधी भांडतो, शपथा घेतो. हा एका दमात कबूल! आकड्यापेक्षा मोठं काहीतरी लपवतोय.

१ मे

गेलो. म्हटलं, खोडलेल्या आकड्यापुढे त्याची सही घ्यायची आहे. निमित्तच ते.

वाल्मीक बाजारात गेलेला. दार चार बोटं उघडलं, आणि त्या फटीतून गार हवेचा झोत अंगावर आला — एसी! मागच्या खिडकीला असणार, पुढून पत्ता लागत नाही. दाराआड त्याची बायको, मोहिनी. आवाजावरून ओळखली. पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला. सहीचं सांगितलं.

"कशाची सही, नाना?"

"वाल्मीकने खोटा आकडा दिला होता. कबूल केलंय त्याने."

"खोटा? हे असं म्हणाले?"

"चारचौघांत."

दार लागलं.

म्हणजे मशीनला एसीत बसवायचं आणि आमच्यापुढे भोळा चेहरा! रविवारी काढतोच बाहेर.

५ मे, रविवार

मी तोंड उघडायच्या आत दुकानापुढे रिक्षा थांबली. मोहिनी उतरली. एकटी. डोक्यावर पदर नाही. गाल, मान, दोन्ही हात — भाजून आकसलेले. वाल्मीक खुर्चीतून उठला, "अगं, तू कशाला —"

"आकडा माझा आहे," ती मला म्हणाली. "मशीन मी लावते, गेम मी चालवते. हे फक्त येऊन सांगतात. दोन वर्षांपूर्वी स्टोव्हचा भडका झाला. ह्या कातडीला घाम येत नाही, म्हणून खोली एकवीसवर ठेवतो. मला कोणी बघू नये असं मीच ह्यांना बजावलं होतं. तेवढ्यासाठी खोटं कबूल केलं ह्यांनी. आकडा खरा आहे. बघा आता मला, आणि लिहा."

दुकानात सदतीस. तिला धाप लागली होती, चेहरा लालबुंद.

माझं मशीन टेबलावर उघडं, गेम चालू, टेबलफॅन त्याच्यावर लावलेला. फॅन उचलला आणि तिच्याकडे वळवला.

पाच मिनिटांत गेम अडकला. चिप कितीवर गेली होती, बघितलं नाही.