दुसरा खेळाडू

प्रिय ठमे,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरली असशील तर आधी घोटभर पाणी पी. आम्ही दोघंही आहोत. गेल्या रविवारी फोनवर तू म्हणालीस, यापुढे बाबांना बोलव असं मी सांगणार नाही, त्यांना लेक नकोच असेल तर मलाही बाप नको. एवढं बोलून तू फोन ठेवलास आणि मी घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसले. तुझ्या बोलण्याचं उत्तर मला फोनवर देता येत नव्हतं, म्हणून हे पत्र. पण तुझ्या आईला सरळ मुद्द्यावर येता येत नाही हे तुला ठाऊक आहे, तेव्हा जरा धीर धर.

तू नोकरीवर जाण्याआधी घरच्या कॉम्प्युटरवरचं विंडोज काढून लिनक्स टाकून गेलीस. बरंच केलंस, रडतखडत चालणारं ते यंत्र चांगलं पळायला लागलं. बाबांनी मात्र नाक मुरडलं, कारण तुमचा दोघांचा तो आगगाडीचा खेळ त्यावर चालेना. तू शाळेत असल्यापासून तुम्ही दोघं दोन कॉम्प्युटर जोडून, मिळून रूळ टाकायचात, पूल बांधायचात आणि मी जेवायला हाका मारून घसा बसवायचे. त्याच आठवड्यात तुमचं वाजलं. तुला लांबची नोकरी घ्यायची होती, त्यांना ते पटेना, आणि तू निघालीस तेव्हा फोनसुद्धा करू नकोस म्हणाले. जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या, पण स्वतःचा पारा चढला की खाली आणायचं बटण काही या माणसाला सापडलं नाही. तरी सांगते, तुझी गाडी सुटायच्या आतच त्यांना पश्चात्ताप झाला होता. मी पाहिलं ना, बूट घातलेलेच होते, नुसते दारात येरझाऱ्या घालत होते.

तर तो खेळ चालू करायचं मी यंदा मनावर घेतलं. हसू नकोस! डॉक्टरांचं अक्षर लावण्यात औषधाच्या काउंटरवर अर्धं आयुष्य गेलंय माझं, कॉम्प्युटरच्या चार ओळींना काय भीक घालणार? 'जुनं सगळं' नावाच्या तुझ्या फोल्डरमध्ये खेळ सापडला, तुमच्या जतन केलेल्या रेल्वेसकट. दोनदा क्लिक केलं, ढिम्म. मग इंटरनेटवरच्या एका चर्चेच्या जागी विचारलं. तिथे घुबड नावाने वावरणारं कुणीतरी आहे, बाई की बुवा देव जाणे, पण भारी चिकाटीचं. त्याने सांगितलं, वाईन नावाचं सॉफ्टवेअर घाल. खेळ विंडोजच्या भाषेत मागतो, वाईन ते लिनक्सला समजेल असं करून सांगतं. मी शहाण्यासारखं त्या नावाचं पहिलं इंग्रजी अक्षर मोठं टाइप केलं, तर अशी आज्ञाच नाही म्हणे. सगळी अक्षरं छोटी लागतात! पुढे कळलं की खेळ जुना, बत्तीस बिटचा, त्याच्यासाठी वाईनचा तसलाच जुना भाग वेगळा घालावा लागतो. तो घातला तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. फॉन्ट आणले, तर सगळा पडदाच काळा. शेवटी वाईनच्या सेटिंगमध्ये जाऊन खेळाला एका चौकटीत बसवलं आणि धूर सोडत इंजिन आलं. मी टाळ्या पिटल्या, अगदी वेड्यासारख्या.

हे सगळं चाललेलं असताना बाबा शेजारी खुर्ची ओढून बसलेले असायचे. एरवी माझी एवढीशी चूक झाली की घर डोक्यावर घेणारा माणूस, पण चकार शब्द नाही. काही दाखवायचं असलं तर बोटाने दाखवायचे. माउस मी डावीकडे हलवलाय, तिकडेच त्यांना बरा पडतो. त्यांच्या शर्टाची बटणंही हल्ली मीच लावते, आणि तेही निमूटपणे लावून घेतात.

खेळ सुरू झाल्यावर मला वाटलं, आता नवी रेल्वे मांडतील. पण त्यांनी तुमची जुनीच उघडली, तर पडद्यावर एक पाटी आली आणि सगळं तिथेच थांबलं. मी म्हटलं, झालं, आणखी एक बिघाड! दोन दिवस डोकेफोड केली. वाईन काढून पुन्हा घातलं, फायली तपासल्या, आणि शेवटी ती पाटी जशीच्या तशी लिहून घुबडाला विचारलं की ही चूक कशी काढायची. त्याने कळवलं, यात चूक काहीच नाही, खेळ ठणठणीत चालतोय. पाटीवर लिहिलंय तेच खरं, तो दुसऱ्या खेळाडूची वाट बघतोय. मी वळून बघितलं तर बाबा त्या पाटीसमोर शांत बसलेले. त्यांना पहिल्यापासून कळलं होतं गं. दुसरा माणूस असला की नीट जोडलं जातं का ते बघायला घुबड स्वतः इंटरनेटवरून येऊन जोडलं गेलं, तर बाबांनी खटकन खेळ बंद केला. आता रोज सकाळी आंघोळ झाली की ती पाटी उघडून बसतात.

ठमे, थंडी सुरू होताना बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. आता चालतात, जेवतात, हसतातसुद्धा. ते फोनवर येत नाहीत ते रागाने नाही. येऊन बोलणार काय? तुला हाक मारायला जातात, भलताच आवाज निघतो, मग भिंतीकडे तोंड करून बसतात. तू सगळं टाकून धावत येशील आणि त्यांना असं बघशील, याची त्यांना भीती वाटते. फोनकडे हात करून ओठांवर बोट ठेवलं त्यांनी, आणि फोनवर सांगणार नाही असं मी कबूल केलं. पत्राचं त्यांच्या डोक्यात आलं नाही. कॅमेरा बिघडलाय, बाबा बाहेर गेलेत, असल्या थापा मारून मी थकले गं. रागाव माझ्यावर, मी ऐकून घेईन. यायचं कधी ते तुझं तू ठरव. पण या रविवारी फोन करू नकोस, त्या वेळेला खेळ उघड. फायली मेलने पाठवल्यात, तुझ्याही लॅपटॉपवर लिनक्सच आहे, आणि काय काय करायचं ते मागच्या पानावर लिहिलंय. खेळात बोलावं लागत नाही, शिट्टीचं बटण असतं, तेवढं त्यांच्या डाव्या हाताला जमतं. तू आलेली दिसलीस की ते शिट्टी वाजवतील, आणि माझी खात्री आहे, वाजवतच राहतील. त्यांना थांबवू नकोस.

तुझीच, खोटं बोलून कंटाळलेली,
आई