टोपी न घातलेला दिवा

चि. लिसांद्रो यास,

थोरल्या अन्सेल्मोचे आशीर्वाद. आईचे गुडघे सोडले तर इकडे सगळं ठीक. तुझी पाठ कशी आहे? (खाणीत वाकून ती गेली असणार, असं आई म्हणते. मी म्हटलं, तो ट्रक चालवतो. ती म्हणाली, वाकूनच चालवत असेल.)

बातमी अशी की नगरपालिकेने मला दिव्यांचा निरीक्षक केलंय. डोंगरावरच्या वेधशाळेला तारे बघायला काळोख लागतो, म्हणून आपल्या एल्की खोऱ्यातल्या प्रत्येक दिव्याचा उजेड खालीच पडला पाहिजे. तर मी शिडी आणि पत्र्याच्या टोप्या घेऊन गावभर हिंडतो, दिव्यांना टोप्या घालतो आणि शिव्या खातो. चर्चसमोरच्या मातेच्या पुतळ्यावरचा झोत बंद केला, तर फिदेलियाबाई पहाटेच फादरच्या दारात: माता गाव सोडून गेली. फुटबॉलच्या मैदानावरचे दिवे खाली वळवले, तर उंच मारलेला चेंडू काळोखात नाहीसा व्हायचा आणि कुठे उतरेल ते देव जाणे. दोनदा तो गोलकीपरच्या डोक्यावर उतरला. गोलकीपर म्हणजे इपोलितो खाटीक. तेव्हापासून आपल्या मटणात हाडंच जास्त येतात.

एवढं करूनही वेधशाळेची तक्रार चालूच: गावात एक दिवा अजून उघडा आहे. तीन आठवडे मी रात्रभर गल्ल्या पालथ्या घातल्या. लोकांच्या परसांत डोकावलो, दोन कुत्री चावली. शेवटी वेधशाळेतल्या मार्सेलाबाई मला डोंगरावर घेऊन गेल्या आणि हातातल्या दुर्बिणीतून गाव दाखवलं.

"तो बघा. कुणाचं घर ते?"

बघतो तर आपलं फाटक. शेजारच्या झाडाची लिंबंसुद्धा मोजता येत होती.

"चौकशी करतो," म्हणालो.

घरी येऊन चौकशी केली. आई नऊ वर्षं तो दिवा लावते आहे. आधी मी झोपलो की लावायची, आता मी शिडी घेऊन बाहेर पडलो की. मी यायच्या आत मालवलेला. "तो रात्रीच्याच बसने येणार. त्याला फाटक दिसायला नको?" मी कायदा सांगितला. ती पावाची कणीक मळत होती, हात थांबला नाही. म्हणाली, "बाबांना पुरलं त्या रात्री इथे दिवा असता तर तुला त्याचं तोंड दिसलं असतं. मग तू तसं बोलला नसतास."

खरं आहे. तुझी बस वाटेत बंद पडली होती हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. "आता कशाला आलास" हे मी आदल्या रात्रीच बोलून बसलो होतो, आणि तू पिशवी खाली न ठेवताच वळला होतास. ते बोलणं परत घ्यायला मी वीसेक पत्रं सुरू केली. सगळी हवेपाण्यावर संपली. (इथली हवा कधी बदलत नाही, त्यामुळे पत्रंही आखूडच.)

काळोख आता इतका छान झालाय की आपण छपरावर पडून मोजायचो ते तारे सगळे परत आलेत. एकट्याने मोजायला बसतो. मध्येच खोटा आकडा सांगून घोळ घालणारं कुणी नाही, त्यामुळे मजा येत नाही.

आई म्हणते, तो आला की दिवा मीच मालवीन. तेव्हा हे सरकारी काम समज आणि ये. तिकडे विज्ञानाचा खोळंबा होतोय.

तुझा,
अन्सेल्मो

ता. क. मी लिहिल्याचं आईला कळवू नकोस. (तुझा पत्ता तिनेच दिला, पण तरी.)

आणखी एक ता. क. त्या दिव्याला मी टोपी घातली त्याला तीन महिने झाले. उजेड फक्त पायरीवर पडतो. वेधशाळेची काही तक्रार नाही. तरी ये.