आईने बंद ठेवलेला पंखा

मिहिर,
तुझा फोन लागत नाही. आईला दुपारी उकाड्याने भोवळ आली, दवाखान्यात ठेवलंय. तिचे कपडे न्यायला आले होते. "कॉम्प्युटर बंद पडला तर त्यात उतरवलेल्या बाबांच्या आवाजाच्या टेपा पुसल्या जातील," असं तू गमतीत म्हणालास, ते तिने खरं धरलं. लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टर कॉम्प्युटरला जास्त वेळ पुरेल म्हणून ती रोज पंखा बंद करून बसायची. तुझं जुनं पेंटियम मशीन फार वीज खातं. त्याऐवजी कमी विजेवर चालणारा तो ॲटमचा छोटा बोर्ड घे आता, हळू चालला तरी चालेल, पण पंखाही चालेल. शुद्धीवर येताच तिने विचारलं, "मिहिरचं मशीन चालू आहे ना गं?" मी हो म्हटलं. घरी आल्यावर आधी तेच बंद केलं.
ताई